सिकलसेलचं लेकरू वाढवताना कशाला घाबरायचं, कशाला नाही

नागपुरात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, हा शब्द कुणाला नवा नाही. उत्तर नागपुरातल्या कुठल्याही वस्तीत विचारा, कुणाचा भाचा, कुणाची पुतणी 'सिकलचा पेशंट' निघतेच. तरीही आपल्या लेकराच्या रिपोर्टवर 'एसएस पॅटर्न', म्हणजे आजार आहेच, असं छापून आलं की पुढचं काही ऐकू येत नाही. ओपीडीत मागे रांग असते, डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं आणि बाहेर पडल्यावर ज्याला-त्याला काहीतरी सांगायचं असतं. थंड देऊ नका, आंबट देऊ नका, पळू देऊ नका, शाळेत एवढ्यात घालू नका. या सगळ्या 'नका'च्या ढिगाऱ्यात जिवावर बेतणाऱ्या दोन-तीन गोष्टी दबून जातात.

माझा मुलगा एसएस आहे. त्याला वाढवताना डॉक्टरांकडून, नर्सताईंकडून आणि वॉर्डातल्या इतर आयांकडून जे शिकले ते इथे सोपं करून लिहिते आहे. सगळे आईबाप दुखण्याला घाबरतात, कारण ते दिसतं, ऐकू येतं. पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत खरी भीती तापाची आणि पोटातल्या पानथरीची (प्लीहेची) आहे, आणि या दोन्ही गोष्टी फारसा आवाज न करता येतात. एवढं डोक्यात बसलं की बाकीच्या पुष्कळ 'नका' सोडून देता येतात.

रक्तात काय बिघडतं

लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर पोचवतं. त्याच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. सिकलमध्ये त्यातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. बिघाड एवढाच. पण त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याचे लांबच लांब दांडे तयार होतात आणि गोल, मऊ पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा वाकड्या पेशींचं वर्णन पहिल्यांदा छापलं. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं.

ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे भयंकर दुखतं, त्यालाच सगळे 'क्रायसिस' म्हणतात. दुसरं असं की ही पेशी लवकर फुटते. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवसांत संपते. हाडांतली अस्थिमज्जा रात्रंदिवस नव्या पेशी बनवत राहते, तरी खर्च जमेपेक्षा जास्तच राहतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी, आणि फुटलेल्या पेशींतला पिवळा रंग डोळ्यांत उतरलेला.

इथून गैरसमज सुरू होतात. "काहून वो, पोरगं एवढं पिवळं काहून दिसून राहिलं?" असं म्हणत शेजारची बाई कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देते, कुणी माळ घालून आणायला सांगतं. ही कावीळ लिव्हरच्या रोगाची नसते. पेशी फुटत आहेत तोवर थोडा पिवळेपणा राहणारच. तो एकाएकी वाढला, लघवी गडद झाली, तर डॉक्टरांना दाखवायचं. माळेने पेशी फुटायच्या थांबत नाहीत.

दुसरा सल्ला बीट, डाळिंब आणि लोखंडी कढईचा. "बीट खाऊ घालत जाय ना थोडं, रक्त वाढते." बीट खाल्ल्याने बिघडत काही नाही, पण हा ॲनिमिया लोह कमी पडल्याने झालेला नाही. पेशी फुटली की तिच्यातलं लोह शरीरातच राहतं आणि पुन्हा वापरलं जातं. वारंवार रक्त चढवलेल्या मुलात तर लोह साठून हृदयाला आणि लिव्हरला त्रास होतो. काही सिकलच्या मुलांत लोहाची खरी कमतरताही असते, पण ती लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून ठरवायची, चेहरा पाहून नाही. शाळेत वाटतात ती लोहाची गुलाबी गोळीही डॉक्टरांना विचारूनच द्यायची. या मुलांना रोज लागतं ते फॉलिक ॲसिड, कारण नव्या पेशी बनवायला ते भराभर खर्च होतं.

आणि हिमोग्लोबिनचा आकडा. नात्यातल्या कुणाच्या तरी कानावर पडतं, 'पोराचं एचबी आठ आहे', आणि लगेच रक्त चढवायचा आग्रह सुरू होतो. एसएस मुलाचं नेहमीचं हिमोग्लोबिन बहुधा सात ते नऊच्या आसपास असतं आणि त्यावर ते मूल खेळतं, हसतं, भांडतं. आपल्या मुलाचा बरं असतानाचा आकडा पाठ ठेवायचा. पुढे आजारपणात डॉक्टर त्याच्याशीच तुलना करतात. त्यापेक्षा दोनने खाली घसरलं तर गंभीर. नुसता आकडा सुंदर दिसावा म्हणून रक्त चढवणं धोक्याचं, कारण अशा मुलात हिमोग्लोबिन फार वाढवलं की रक्त घट्ट होतं.

हे कुणाकडून आलं

दोघांकडून. आईकडून एक जनुक, बापाकडून एक. ज्यांच्याकडे एकच असतं ते वाहक, म्हणजे 'एएस'. त्यांना सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून लग्न ठरवताना कुणाच्या लक्षातही येत नाही. दोघे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नाही. कधी एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराचं जनुक येतं, तेही मूल सिकलसारखंच आजारी पडतं. म्हणून नुसत्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीवर थांबायचं नाही, हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करून घ्यायची.

घराघरांत मात्र हा हिशोब असा लागत नाही. 'आमच्या घरात कुणाला नव्हतं' हे वाक्य सुनेलाच ऐकावं लागतं. मला याचा फार राग येतो. मूल एसएस आहे याचा अर्थच असा की ते दोन्ही घरांत होतं. वाहक माणूस धडधाकट असतो म्हणून तर ते पिढ्यान्‌पिढ्या कुणाला दिसलं नाही.

आणि ते टिकून का राहिलं, यालाही कारण आहे. एकच जनुक असलेल्या बाळाला फाल्सिपेरम या गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे जंगल, पाणी आणि डास, तिथे वाहक जास्त जगले. आफ्रिकेत तसं, आपल्या मध्य भारतातही तसं. गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड-माडियांपासून नागपूरच्या बौद्ध, तेली, कुणबी घरांपर्यंत ते आढळतं. भारतातला प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो असं पुस्तकांत वाचायला मिळतं, कारण आपल्या मुलांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं. पण नागपूरच्या वॉर्डांत गंभीर त्रासाची मुलं पुष्कळ दिसतात. 'सौम्य' या शब्दावर विसंबून औषधं ढिली सोडू नयेत.

पहिली पाच वर्षं

जन्मल्यावर चार-सहा महिने बाळ अगदी ठणठणीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं आणि ते पेशीला वाकू देत नाही. ते ओसरलं की पहिलं लक्षण बहुतेकदा हातापायांवर दिसतं. दोन्ही तळहात किंवा तळपाय टम्म सुजतात, बोटं गुबगुबीत होतात, हात लावला की बाळ किंचाळतं. घरचे म्हणतात पडलं असेल, मुरगळलं असेल. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हातपाय असे सुजले तर तेल लावून चोळत बसू नका, सिकलची तपासणी करा.

आता पानथरी. तिलाच प्लीहा म्हणतात. पोटात डावीकडे, बरगड्यांच्या आड असते. रक्त गाळून जंतू पकडणं हे तिचं काम. सिकलच्या वाकड्या पेशी तिच्यात अडकतात, मोरीच्या जाळीत भाताची शितं अडकावीत तशा, आणि हळूहळू तिचं काम बंद पडतं. हे अगदी लहान वयात, कधी पहिल्या वाढदिवसाच्या आधीच सुरू होतं. मग न्यूमोकोकससारखा जंतू रक्तात शिरला की त्याला अडवायला कुणी नाही. सकाळी किरकिर करणारं मूल संध्याकाळपर्यंत बेशुद्ध होऊ शकतं.

म्हणून तापाचा नियम कडक. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच, हात लावून पाहणं चालत नाही. १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला की मूल खेळत असलं तरी त्याच वेळी दवाखाना. रात्रीचे दोन वाजले असले तरी. 'पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू' हे इतर मुलांसाठी ठीक आहे, सिकलच्या मुलासाठी नाही. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य 'ताप आहे' एवढंच नसावं, 'सिकल एसएस आहे आणि ताप आहे' असं असावं. पावसाळ्यात वॉर्ड डेंग्यू-मलेरियाने भरलेला असतो, ड्युटीवरचा पोरगेलासा डॉक्टर दमलेला असतो. त्याला मुलाचं सिकलचं कार्ड दाखवा आणि रक्त तपासायला घेतल्यावर रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करणार का, हे विचारा. आगाऊपणा वाटला तरी विचारा.

पानथरीचा दुसरा धोका असा की कधीकधी शरीरातलं पुष्कळसं रक्त काही तासांत तिच्यात कोंडतं. पोट एकदम फुगतं, मूल पांढरंफटक पडतं, मलूल होतं, तहान-तहान करतं. इथे तासांचा खेळ असतो. जमैकामधल्या डॉक्टरांनी आयांनाच पानथरी चाचपायला शिकवलं आणि त्यामुळे मुलं वेळेत दवाखान्यात पोचू लागली, मृत्यू कमी झाले. हे शिकायला शिक्षण लागत नाही. मूल झोपेत असताना पोट सैल असतं, तेव्हा सोपं जातं. हात एकमेकांवर चोळून गरम करायचे. बोटं सपाट ठेवून बेंबीच्या खालून डावीकडच्या बरगडीकडे हळूहळू वर सरकवायची, दाबायचं नाही, प्रत्येक श्वासाबरोबर थांबायचं. मूल श्वास आत घेतं तशी पानथरीची कडा खाली येऊन बोटाला टेकते, ओल्या रबरासारखी. बरगडीपासून ती किती बोटं खाली आहे ते लक्षात ठेवायचं. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून दाखवा, ते तुमची बोटं योग्य जागी ठेवतील. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांची पानथरी मोठ्या वयापर्यंत वाढलेलीच राहते, त्यामुळे नुसती हाताला लागली म्हणून घाबरायचं नाही. नेहमीपेक्षा मोठी लागली, आणि मूल फिकं दिसतंय, तर गाडी काढायची. हे घरात एकट्या आईला येऊन भागत नाही. बाप, आजी, ज्याच्याकडे मूल राहतं त्या प्रत्येकाला यायला हवं.

जंतूंपासून बचावासाठी पेनिसिलिन. तोंडाने, दिवसातून दोन वेळा, किमान पाच वर्षं वय होईपर्यंत. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात या साध्या, स्वस्त औषधाने न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले होते, इतके की अभ्यास ठरलेल्या वेळेआधीच थांबवला. मूल बरं दिसतं म्हणून हे औषध बंद पडतं, हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. लसींमध्ये सरकारी वेळापत्रकातल्या सगळ्या हव्याच, न्यूमोकोकसची पीसीव्ही आता त्यातच आहे. त्यावर दोन वर्षांनंतर न्यूमोकोकसची दुसरी लस, शिवाय मेनिंगोकोकस, टायफॉइड आणि दरवर्षी फ्लू यांबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. टायफॉइडच्या कुळातले साल्मोनेला जंतू सिकलच्या मुलांच्या हाडांत शिरून बसतात, म्हणून त्या लसीला इथे जास्त किंमत. पाणीपुरीच्या गाडीवरून माझं आणि मुलाचं भांडण होतं ते याचमुळे.

दुखणं

क्रायसिसचं दुखणं हाडात असतं. लहान मूल ते सांगू शकत नाही. ते चालायला नकार देतं, एक हात जवळ धरून बसतं, उचललं की रडतं. घरी पहिलं काम म्हणजे पाणी, सरबत, पेज, जे पिईल ते. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, पांघरूण, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं वेदनाशामक वजनाप्रमाणे, ठरलेल्या वेळेला. बर्फ कधीही लावायचा नाही, थंडीने रक्तवाहिन्या आवळतात आणि पेशी आणखी अडकतात. गोष्ट सांगणं, मोबाइलवर कार्टून लावणं यानेही खरंच फरक पडतो, लाज वाटून घेऊ नये. घरच्या औषधाने भागलं नाही तर दवाखान्यात सलाइन आणि गरज पडली तर मॉर्फिनसारखं औषध द्यावं लागतं. त्या नावाला घाबरून नको म्हणू नका, देखरेखीखाली ते सुरक्षित आहे. आणि 'पोरगं नाटक करून राहिलं' असं कुणी म्हणालं, मग तो नातेवाईक असो की पांढऱ्या कोटातला, तर पोराची बाजू घ्या. हे दुखणं एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या कुठल्याच चाचणीत मोजता येत नाही. मूल सांगतं तेच मोजमाप.

छातीत दुखणं, खोकला, जलद श्वास, ताप हे एकत्र आलं तर घरी थांबायचं नाही. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या अडल्याने हे होऊ शकतं आणि ते झपाट्याने बिघडतं.

हायड्रॉक्सियुरियाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त भीती याच कॅप्सूलची आहे. पहिल्यांदा आणायला गेलं की औषध दुकानदार चिठ्ठी बघून विचारतो, "कॅन्सर आहे का बाळाला?" झालं, आईचे पाय गळतात, कॅप्सूल कपाटात जाते. हे औषध रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. सिकलमध्ये मात्र कमी डोसमध्ये ते गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण पुन्हा वाढवतं, तेच हिमोग्लोबिन ज्याने बाळाला पहिले सहा महिने सांभाळलं होतं. अमेरिकेतल्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नऊ महिन्यांच्या बाळापासून ते सुचवतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम एवढा ठरावीक, कमी डोस रोज देऊन पाहिला आणि क्रायसिस कमी झाले, रक्त चढवायची वेळ कमी आली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला.

त्याला शिस्त मात्र लागते. सुरुवातीला वरचेवर आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचं, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात, दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडायचं नाही. लहान मुलासाठी कॅप्सूल उघडून डोस कसा करायचा हे फार्मासिस्टकडून समोर बसून शिकून घ्या. हाताला लागू देऊ नका, हात धुवा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने ती पूड हाताळू नये.

दोन गोष्टी ओपीडीत कुणी आपणहून सांगत नाही. पहिली पक्षाघाताची. सिकलच्या लहान मुलांना तो होऊ शकतो. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलता-बोलता शब्द अडणं, दहा मिनिटांत पुन्हा सगळं ठीक झालं तरी त्याच दिवशी दवाखाना. हे आधीच ओळखायला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची एक डॉपलर सोनोग्राफी असते, सुई नाही, दुखत नाही. मूल दोन वर्षांचं झाल्यापासून दरवर्षी ती करावी. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला तर धोका मोठा, आणि नियमित रक्त देऊन तो पुष्कळ कमी करता येतो हे १९९८ साली सिद्ध झालंय. दुसरी गोष्ट मुलग्यांची. लिंग ताठ होऊन दुखणं आणि न उतरणं, हेही पेशी अडकल्यानेच होतं. मूल लाजून सांगत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवायचं की असं झालं तर आईला किंवा बाबाला लगेच सांगायचं. पाणी पाजा, लघवीला न्या, तरी दोन तासांत उतरलं नाही तर कॅज्युअल्टी.

नागपूरचं ऊन, नागपूरची शाळा

सिकलच्या मुलाची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही. पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ते सारखं लघवीला जातं, सात-आठ वर्षांपर्यंतही अंथरूण ओलं करतं. यावरून मारू नका, आणि रात्री भिजवतो म्हणून संध्याकाळी पाणी तोडू तर मुळीच नका. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं आणि क्रायसिस येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हा धोका काय असेल ते सांगायला नको. नवतपात लग्न असलं की आम्ही वरातीला जात नाही, संध्याकाळी जेवायला जातो. लोक नावं ठेवतात, ठेवोत. कुलरची गंमत अशी की दुपारी तो लागतोच, पण पहाटे हवा उतरल्यावर तीच ओली गार हवा थेट अंगावर येते. तोंड फिरवून ठेवायचं किंवा चादर. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खालीही जातो, तेव्हा आंघोळ कोमट पाण्याने, पावसात भिजलं तर लगेच कोरडं करायचं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तो एक दिलासा. प्रवेशाच्या वेळी शाळेला साधं पत्र द्या. त्यात पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, लघवीला विचारल्याबरोबर सोडावं, उन्हात उभं करण्याची शिक्षा देऊ नये, दमल्यावर बसू द्यावं, ताप वाटला तर घंटेची वाट न बघता फोन करावा, एवढंच लिहा. लागण होत नाही हेही लिहा. एकीने मला विचारलं होतं, डबा एकत्र खाल्ला तर चालेल ना? शांतपणे उत्तर दिलं, पण रात्रभर झोप आली नाही.

खेळू द्यायचं की नाही, याचं उत्तर हो. पळू द्या, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत गल्लीभर फिरू द्या. दमला की स्वतः बसतो. फक्त त्याला बसू द्यायचं, शर्यत पूर्ण करायला लावायचं नाही, आणि मध्ये-मध्ये पाणी. पोहणं थंड पाण्यात नको. काचेच्या भांड्यासारखं सांभाळलेलं मूल आठ-दहा वर्षांचं झालं की एकतर घाबरट होतं किंवा सगळं झुगारून देतं, गोळ्यांसकट. लाडही तसेच. आजारी आहे म्हणून सगळं माफ, असं केलं की त्याला ते पटकन कळतं. माझा तर पोट दुखायचं नाटक करून गृहपाठ चुकवायचा. पानथरी चाचपायची, ताप बघायचा, दोन्ही ठीक असेल तर पाटी समोर ठेवायची.

सुई टोचताना 'अजिबात दुखणार नाही' म्हणू नका. 'दुखेल, मी पाचपर्यंत मोजते, मग संपेल' हे चालतं. खोटं एकदाच पचतं, आणि या मुलाला सुया आयुष्यभर आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला आजाराचं नावही सांगावं. तुझ्या रक्तातल्या काही पेशी वाकड्या होतात, म्हणून पाणी प्यायचं आणि औषध घ्यायचं, एवढं त्याला पुरतं. घरात दुसरं, धडधाकट भावंड असेल तर त्याच्याकडेही बघा. दवाखान्याच्या रात्री ते शेजाऱ्यांकडे झोपतं आणि कुणाला काही विचारत नाही.

पूर्ण बरं होतं का? भावाबहिणीची अस्थिमज्जा तंतोतंत जुळली तर प्रत्यारोपणाने होऊ शकतं. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि प्रत्यारोपणाचे स्वतःचे धोके आहेत. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस मंजुरी दिली, पण ती बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. व्हॉट्सॲपवर 'सिकलवर औषध निघालं' म्हणून फिरतं ते बहुधा यालाच धरून असतं. जडीबुटीने पॅटर्न बदलून देतो म्हणणाऱ्याला मात्र सरळ विचारा, एचपीएलसी पुन्हा करून दाखवणार का?

राहिली कागदपत्रं. ती कंटाळवाणी आहेत, पण पैसे वाचवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. त्यासाठी नागपूरचेच संपत रामटेके, ज्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तपासणीला बोलावतील तेव्हा जायचं. सिकलच्या रुग्णाला रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं, एसटीच्या प्रवासात सवलत आहे, संजय गांधी निराधार योजनेत नाव लागू शकतं, पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, तर धाकट्या दिराची, नणंदेची, लग्नाच्या वयाच्या भाचीची तपासणी त्यातच उरकून घ्या. मेडिकल, मेयो, डागा, एम्स, यांपैकी ज्या दवाखान्यात नाव नोंदवलं असेल तिथली फाइल एकच ठेवा. पहिल्या पानावर रक्तगट, बरं असतानाचं हिमोग्लोबिन, पानथरी किती बोटं, चालू औषधं आणि कशाची ॲलर्जी हे मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच पानाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण ताप आला त्या रात्री फाइल नेमकी कुणाच्या तरी घरी राहिलेली असते.